आइसलँडला गाडीने फेरा: रिंग रोडच्या सहलीची आखणी कशी करावी

आइसलँडच्या किनाऱ्याला धरून एक रस्ता सगळ्या बेटाभोवती फिरतो आणि निघाला तिथेच परत येतो. कागदोपत्री तो राष्ट्रीय रस्ता क्रमांक १, पण सगळे त्याला रिंग रोड म्हणतात. लांबी साधारण १,३२२ किलोमीटर. १९७४ साली आग्नेयेकडच्या स्केइदारा नदीवर पूल बांधला गेला आणि हे वर्तुळ पुरं झालं. त्याआधी आग्नेय टोकाच्या होप्न गावातून राजधानी रेकयाविकला गाडीने जायचं तर उत्तरेकडून जवळजवळ अख्ख्या बेटाला वळसा घालावा लागायचा.

१,३२२ किलोमीटर म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही थोडं कमीच. त्यामुळे ‘पाच दिवसांत सहज होईल’ असा हिशेब आपल्याकडचे बरेच जण मांडतात. हा हिशेब फसतो. बेटाच्या मधल्या भागात हिमनद्या, लाव्हा आणि ओसाड पठार आहे. दक्षिणेला कित्येक ठिकाणी एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला हिमनदी, मध्ये हा एकच रस्ता. तो बंद झाला की बाजूने काढायला गल्लीबोळ नाही. ९ जुलै २०११ रोजी हिमनदीतून आलेल्या पुराने मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला आणि तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत आठवडाभर रस्ता तुटलेला होता. २७ जुलै २०२४ रोजी त्याच भागातल्या स्काल्म नदीच्या पुराने तो पुन्हा बंद पडला. दोन्ही वेळा ऐन उन्हाळा होता. म्हणून या सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीपासून करूच नका. मोकळा दिवस कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. ठिकाणं त्याच्या भोवती बसवा.

महिना आणि दिवस

रिंग रोडचा पुरा फेरा पहिल्यांदाच करत असाल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जा. जून-जुलैत उजेड संपतच नाही. २१ जूनच्या आसपास रेकयाविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि तीनच्या आसपास उगवतो. मधल्या वेळातही अंधार होत नाही. म्हणजे रात्री दहा वाजताही धबधबा पाहता येतो, तेही गर्दी ओसरल्यावर. डिसेंबरात याच्या बरोबर उलट, दिवसाला चारेक तासांचा उजेड. बर्फ, वादळं आणि वारंवार बंद होणारे घाट बघता हिवाळ्यात पूर्ण फेरा घालायचा विचार बर्फात गाडी चालवायची सवय नसलेल्या माणसाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात जायचंच असेल तर रेकयाविकमध्ये मुक्काम ठेवून स्थानिक चालकाबरोबर दक्षिण किनारा बघावा.

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा सगळ्यांत चांगला काळ. रस्ते उघडे असतात, जुलैची गर्दी आणि जुलैचे दर ओसरू लागलेले असतात, आणि रात्री पुन्हा काळोख पडायला लागल्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. जूनमध्ये गेलात तर तो दिसणार नाही, कोणी कितीही आश्वासनं दिली तरी. मात्र सप्टेंबरात पावसाची तयारी हवी, आणि थंडी आपल्या माथेरान-महाबळेश्वरच्या थंडीहून कडक असते.

किती दिवस? विमानाचे दिवस सोडून दहा. बारा मिळाले तर उत्तम. सात दिवसांत फेरा पुरा होतो, पण मग रोज नुसती गाडी चालवणं होतं आणि एक दिवस जरी वादळात गेला तरी सगळं कोसळतं. सातच दिवस हातात असतील तर फेऱ्याचा हट्ट सोडा. रेकयाविक ते योकुल्सारलोन हे हिमखंडांचं तळं एवढा दक्षिण किनारा निवांत बघून त्याच वाटेने परत या. त्या पट्ट्यात जे आहे ते एका सहलीला पुरून उरतं.

कागदपत्रं

आइसलँड शेंगेन क्षेत्रात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून तारखा ठरल्या की लगेच हे काम हातात घ्या. भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी अशा शेंगेनमधल्या शहरातून गेलात तर एकाच व्हिसावर भागतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, तो आधी तपासा. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिथल्या निवास परवान्यावर जाता येतं. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

गाडी चालवण्याचा भारतीय परवाना इंग्रजी अक्षरांत, फोटोसह आणि मुदतीतला असेल तर बहुतेक भाड्याच्या कंपन्या तो चालवून घेतात. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जवळ ठेवा. तो एक वर्ष चालतो, परिवहनच्या पोर्टलवरून अर्ज करता येतो, आणि अपघात किंवा पोलीस तपासणीच्या वेळी वाद उरत नाही. गाडी ज्याच्या नावावर घेणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडवून ठेवली जाते. हे काउंटरवर कळलं तर तिथेच अडकायला होतं.

गाडी कोणती आणि विमा कोणता

उन्हाळ्यात रिंग रोडसाठी चारचाकी-ड्राइव्हची गाडी लागत नाही. संपूर्ण मुख्य रस्ता आता डांबरी आहे. साधी हॅचबॅक पुरते. फोर बाय फोर लागते ती ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर, आणि तिथे ती कायद्यानेच सक्तीची आहे. हे रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्यांवर पुलाविना नद्या ओलांडाव्या लागतात, आणि नदीत गाडी घालून इंजिनात पाणी गेलं तर सहसा कुठलाही विमा ते भरून देत नाही. पहिल्या सहलीत एफ रस्त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्यांना आतलं पठार बघायचंच आहे त्यांच्यासाठी उंच चाकांच्या बस चालतात.

ऑटोमॅटिक गिअरची गाडी घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे असतं. आधीच सगळं उलटं, त्यात उजव्या हाताने गिअर टाकण्याची कसरत नको. भाड्याने मिळणारी कॅम्परव्हॅन स्वस्त वाटते, पण तिच्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, ती कुठेही उभी करून झोपायला कायद्याने मनाई आहे, अधिकृत कॅम्पसाइटवरच मुक्काम करावा लागतो. दुसरी, उंच गाडी वाऱ्यात फार लवकर बेभरवशाची होते. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी छोटी गाडी आणि स्वयंपाकघर असलेला मुक्काम हेच सुचवेन.

विम्याच्या यादीत तीन नावं नीट बघा. टक्कर-नुकसानीचा मूळ विमा भाड्यात असतोच. त्याच्या पुढचा खडी-विमा जरूर घ्या. समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने काच तडकणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. तिसरा वाळू आणि राखेचा. दक्षिणेच्या काळ्या वाळूच्या मैदानांवर वारा सुटला की गाडीचा रंग आणि काचा अक्षरशः खरवडून निघतात, आणि अख्खी गाडी रंगवण्याचा खर्च प्रवासी भरतो. दक्षिण किनाऱ्यावरून जाणार असाल, आणि जाणारच, तर तोही घ्या. एक नुकसान मात्र कित्येक विम्यांतून वगळलेलं असतं: वाऱ्याने उलटलेलं दार. त्याचा उपाय तुमच्याच हातात आहे, तो पुढे सांगते.

गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंचा, छताचा, काचेचा आणि चाकांच्या रिमचा व्हिडिओ काढा. इंधन पेट्रोल की डिझेल हे चावी देणाऱ्याला विचारून घ्या आणि झाकणाच्या आत लिहिलेलंही बघा.

वारा: खरी परीक्षा इथे आहे

आपण डोंगरातल्या गाडी चालवण्याला पावसाच्या, धुक्याच्या, दरडीच्या हिशेबाने मोजतो. ताम्हिणी किंवा आंबोली पावसाळ्यात चालवलेल्या माणसाला वळणांची भीती नसते. आइसलँडमध्ये मात्र धोका वाऱ्याचा, आणि त्याची आपल्याला सवय नाही.

तिथलं हवामान खातं वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतं. या आकड्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात: १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. मी पाळते तो नियम असा: अंदाजात १५ च्या वर आकडा असेल तर कॅम्परव्हॅन हलवायची नाही, २० च्या वर असेल तर छोट्या गाडीनेही उघड्या पट्ट्यांतून जायचं नाही, २५ असेल तर मुक्कामीच राहायचं, हॉटेलचे पैसे बुडाले तरी. सरासरीपेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा, कारण गाडी रस्त्यावरून ढकलतो तो झोत. उंच डोंगराच्या पायथ्याशी वारा अचानक खाली कोसळतो. एयाफ्यात्ला डोंगररांगेच्या खालचा पट्टा, स्काफ्टाफेलच्या पुढचा ओराइवी भाग आणि परतीच्या वाटेवर बोर्गार्नेसजवळचा हाफ्नार डोंगर ही यासाठी प्रसिद्ध ठिकाणं आहेत. अशा पट्ट्यांच्या सुरुवातीला रस्त्याकडेला इलेक्ट्रॉनिक फलक असतो, त्यावर पुढच्या भागातलं तापमान आणि वाऱ्याचा वेग दिसतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे करा. दार उघडताना एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने दाराची कड घट्ट धरा. एका वेळी एकच दार उघडायचं, मागच्या मुलांना स्वतः उतरून दार उघडून द्यायचं. धबधब्याच्या वाहनतळावर पोचल्याच्या उत्साहात सगळे एकदम दारं उघडतात आणि बिजागरी वाकते, ती तेव्हाच.

रोजचा क्रम असा ठेवा: सकाळी निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वारा आणि इशारे, मग रस्ते विभागाच्या ‘उम्फेर्दिन’ नकाशावर रस्त्याची स्थिती, मग ‘सेफट्रॅव्हल’ या प्रवास-सुरक्षेच्या संकेतस्थळावर सूचना. दुपारी जेवताना पुन्हा एकदा. पिवळा इशारा असेल तर सावध, नारिंगी असेल तर प्रवास रद्द, लाल असेल तर घराबाहेर पडू नये. रस्ता बंद असल्याचा अडसर दिसला तर बाजूने गाडी काढायचा विचारही मनात आणू नका. आणीबाणीचा क्रमांक ११२. त्याचं अ‍ॅप फोनवर उतरवून ठेवा, त्यातून तुमचं ठिकाण मदत पथकाला जातं. ही बचाव पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची आहेत. त्यांना विनाकारण वादळात बाहेर काढू नये.

रस्त्याचे नियम, जे आपल्याला नवे आहेत

डांबरी रस्त्यावर कमाल वेग ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात बहुधा ५०. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे, आणि तो भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येतो. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायला जागा जवळपास नसते, म्हणून फोटोसाठी मध्येच थांबणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा समजा. थोड्या अंतरावर थांबा दिलेला असतोच.

एकपदरी पूल आग्नेयेला बरेच आहेत. पूल येण्याआधी पाटी दिसते. जी गाडी पुलाजवळ आधी पोचते तिने आधी जायचं; शंका आली की थांबा आणि समोरच्याला जाऊ द्या. दोन पदरी गोल चौकात आतल्या पदरातल्या गाडीला बाहेर पडण्याचा पहिला हक्क असतो. हे आपल्याला फार विचित्र वाटतं, आणि रेकयाविकच्या आसपास पहिल्याच तासात त्याची गाठ पडते. डांबर संपून खडी सुरू होते तिथे वेग आधीच कमी करा, खडीवर गेल्यावर ब्रेक दाबलात तर गाडी घसरते.

उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरत असतात. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं तर हमखास समजा की दोघांतलं एक धावत रस्ता ओलांडणार.

रस्ता सोडून मातीवर किंवा शेवाळावर गाडी घालणं बेकायदा आहे. १७८३-८४ च्या लाकी उद्रेकातल्या लाव्हावर विक गावाच्या पुढे मैलोन्‌मैल हिरवट शेवाळ पसरलं आहे. त्यावर पाय पडला तरी ती खूण वर्षानुवर्षं बुजत नाही. पायवाट सोडू नका, फोटोसाठीही नाही.

नकाशा वापरताना गावाचं नाव नीट तपासा, नुसती अक्षरं टाकून मोकळे होऊ नका. एकाच नावाची शेतघरं तिथे ठिकठिकाणी आहेत. २०१६ साली एका पर्यटकाने रेकयाविकच्या रस्त्याच्या नावात एक अक्षर जास्त टाकलं आणि तो विमानतळावरून थेट उत्तर टोकाच्या सिग्लुफ्योर्दुर गावात जाऊन पोचला. मुक्कामाच्या पुष्टीपत्रातले अक्षांश-रेखांश वापरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

दिवसांची मांडणी

बहुतेक लोक दक्षिणेकडून, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. मीही तेच सुचवते. सगळ्यांत भरगच्च पट्टा अंगात ताजेपणा असताना होतो, आणि परतीला उत्तरेकडून येताना मोकळा दिवस हाताशी असला की ओक्स्ना आणि होल्टावर्दू या दोन उंच पठारी खिंडींत हवा बिघडली तरी विमान चुकत नाही.

पहिल्या दिवशी केफ्लाविक विमानतळावर उतराल. तिथून रेकयाविक ५० किलोमीटर. भारतातून लांबचा प्रवास करून आल्यावर त्या दिवशी त्यापुढे गाडी चालवू नका. दुसऱ्या दिवशी थिंगवेत्लिर, गेसिर आणि गुल्फॉस धबधबा. थिंगवेत्लिरला युरोप आणि अमेरिकेच्या भूपट्टांमधली फाकत चाललेली दरी आहे आणि तिथेच इसवी सन ९३० च्या सुमाराला देशाची लोकसभा भरू लागली. गेसिरला स्ट्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा झरा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो. मुक्काम परत राजधानीत नको, सेल्फॉस किंवा हेत्ला भागात पुढे करा.

तिसरा दिवस सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, दिर्होलाएचा समुद्रकडा आणि विक गाव. अंतर थोडं, पण दिवस पुरा जातो. दोन्ही धबधबे साठेक मीटर उंचीचे. सेल्यालांड्सफॉसच्या मागून पायवाट जाते. पूर्ण भिजायला होतं, पावसाळी पँट लागतेच. स्कोगाफॉसच्या वर पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. विकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र पाण्याकडे पाठ करू नका. वरवर शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट खूप आत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. प्रवेशाजवळ दिव्यांची सूचना आहे, लाल असेल तर किनाऱ्यावर उतरायचंच नाही. मुलांचा हात धरून ठेवा.

चौथा आणि पाचवा दिवस विक ते होप्न. अंतर २७० किलोमीटरच्या आसपास, पण हे दोन दिवसांत करा. फेऱ्यातला पहिला मोकळा अवकाश इथे ठेवायचा आहे. वात्नायोकुल ही हिमचादर देशाचा सुमारे आठ टक्के भाग व्यापते आणि तिच्या जिभा रस्त्यापर्यंत खाली उतरतात. स्काफ्टाफेलला चालायच्या वाटा आहेत. हिमनदीवर चालायचं तर परवानाधारक वाटाड्याबरोबरच. वाटेत १९९६ च्या महापुराने पिळवटलेल्या जुन्या पुलाच्या लोखंडी तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत, तिथे पाच मिनिटं थांबा, म्हणजे हा रस्ता किती नाजूक आहे ते डोळ्यांनी कळेल. पुढे योकुल्सारलोन. १९३० च्या दशकापूर्वी हे तळं जवळपास नव्हतंच. हिमनदी मागे हटत गेली आणि ते वाढत गेलं. तुटलेले हिमखंड तळ्यातून समुद्रात जातात आणि समोरच्या काळ्या वाळूवर येऊन विसावतात. सील बहुधा दिसतात. इथे घाई केलीत तर सगळ्या सहलीचं सार निसटतं. या पट्ट्यात राहायच्या जागा फार कमी आहेत, म्हणून सगळ्या सहलीत पहिलं बुकिंग इथलं करा, सहा महिने आधी, आणि शक्यतो शेवटपर्यंत फुकट रद्द करता येईल असं.

सहाव्या दिवशी पूर्वेच्या फ्योर्डमधून एगिल्सस्टादिर. रस्ता प्रत्येक खाडीत आत जाऊन बाहेर येतो, त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारं गाव तासाभराने येतं. नकाशाचं अ‍ॅप कदाचित ओक्सी खिंडीतून जवळचा रस्ता दाखवेल; तो खडीचा, चढाचा आणि धुक्याचा आहे. मुख्य रस्त्यानेच जा.

एगिल्सस्टादिरला टाकी भरून घ्या. पुढे म्यूवात्नपर्यंतच्या सुमारे १६५ किलोमीटरमध्ये ओसाड पठार आहे. वाटेत डेट्टिफॉस धबधबा, ४४ मीटर उंच आणि १०० मीटर रुंद. पश्चिमेकडचा ८६२ क्रमांकाचा रस्ता डांबरी आहे, तोच घ्या. म्यूवात्न तळ्याजवळ ह्वेरिरचे उकळते चिखलाचे कुंड आणि क्राफ्ला ज्वालामुखी; इथे दोन रात्री द्या. जून-जुलैत चिलटांचे थवे असतात, डोक्यावरून घ्यायची जाळी दोनशे-तीनशे रुपयांत मिळते, ती घरूनच न्या. दुसऱ्या दिवशी हुसाविकला देवमासे बघायची बोट, आणि मग गोदाफॉस धबधबा.

आकुरेरीला येताना वाद्लाहेइदी बोगदा लागतो. तिथे टोलनाका नाही, कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. २४ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर भाड्याची कंपनी त्यावर स्वतःचा आकार लावून वसूल करते. टोल टाळायचा तर जुना खिंडीतला रस्ता उघडा आहे आणि त्यावरून खाडीचं दृश्यही छान दिसतं.

आकुरेरी ते रेकयाविक ३९० किलोमीटरच्या आत आहे. लोक ते एका दिवसात करून दुसऱ्या दिवशीचं विमान पकडतात. असं करू नका. बोर्गार्नेस किंवा स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर मुक्काम ठेवा. हवा चांगली राहिली तर किर्क्युफेल डोंगर आणि किनाऱ्यावरची गावं बघून होतात. बिघडली तर हाच दिवस तुमची राखीव पुंजी.

खाणं, पाणी आणि खर्च

बाहेर जेवणं फार महाग पडतं. स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउस घ्या आणि बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून सामान भरा. ही दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात आणि पूर्वेच्या छोट्या गावांत ती नसतातही, म्हणून सेल्फॉसला आठवडाभराची खरेदी करून घ्या. घरून उपम्याचं आणि पोह्यांचं तयार मिश्रण, मेतकूट, मूगडाळ-तांदळाच्या खिचडीच्या पुड्या, चटणी न्यावी. मांस, आणि पेढ्यांसारखे दुधाचे पदार्थ नेऊ नका, आयातीचे नियम कडक आहेत. शाकाहारी असाल तर सूप मागवताना ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हे विचारा. भाजीच्या सूपमध्येही मटणाचा रस्सा असू शकतो. स्किर मात्र जरूर खा. ते आपल्या चक्क्याच्या जवळचं आहे, वर थोडा गूळ टाकला तर मुलं दुसरं काही मागत नाहीत.

नळाचं थंड पाणी थेट प्यावं, बाटल्या विकत घेऊ नयेत. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा, घाबरायचं कारण नाही.

रोख रक्कम जवळजवळ लागत नाही. पेट्रोलपंप बरेचसे माणसाविना चालतात, तिथे पिन असलेलं कार्डच चालतं. पंपावर ‘टाकी भरा’ निवडलंत तर मोठी रक्कम काही दिवस अडकून राहते, म्हणून ठरावीक रक्कम निवडा. आडवाटा धरून तुमचा प्रवास दोन हजार किलोमीटरच्या वर जाईल; इंधनाचा अंदाज १,३२२ वर न काढता त्यावर काढा. बऱ्याच ठिकाणी वाहनतळाचं शुल्क आहे, ते अ‍ॅपने किंवा यंत्रावर भरावं लागतं, आणि न भरल्यास तेही कार्डावर येतं.

तरण तलावांवर मात्र खर्च करा. जवळपास प्रत्येक गावात भूगर्भाच्या उष्णतेने तापलेला सार्वजनिक तलाव आहे, तिकीट पर्यटकांच्या प्रसिद्ध ‘लगून’ म्हणजे गरम पाण्याच्या तळ्यांपेक्षा कितीतरी कमी, आणि संध्याकाळी सगळं गाव तिथे गप्पा मारत बसलेलं असतं. पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ करणं सक्तीचं आहे, पुरुष आणि बायकांच्या वेगवेगळ्या खोल्यांत. आपल्याला संकोच वाटतो, पण पाण्यात क्लोरिन कमी घालतात, स्वच्छता यावरच टिकते. कोणी कोणाकडे बघत नाही.

कपड्यांबद्दल एवढंच: छत्री नेऊ नका, वाऱ्यात दोन मिनिटंही टिकत नाही. वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट, तशीच पँट, लोकरीचा एक थर, कानटोपी, पाणी न शिरणारे बूट. जीन्स भिजली की दिवसभर सुकत नाही.

परत करताना

शेवटचा दिवस रेकयाविकमध्ये पायी घालवा. केफ्लाविकला गाडी देण्याआधी रेकयानेस द्वीपकल्पाची बातमी बघा. २०२१ पासून तिथे वारंवार उद्रेक होत आहेत, ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामं करावं लागलं होतं, आणि त्या बाजूचे रस्ते कधीही बंद होऊ शकतात. विमानतळाचा मुख्य रस्ता उत्तरेकडून जातो, तो बहुधा चालू राहतो. टाकी भरा, गाडी धुऊन काढा म्हणजे ओरखडे झाकले गेल्याचा वाद होत नाही, पुन्हा सगळ्या बाजूंचा व्हिडिओ घ्या आणि पावतीवर परतीची वेळ लिहून घ्या. कार्डावर अडकलेली अनामत सुटायला आणि टोल-दंड यायला काही आठवडे जातात, तोवर ते कार्ड बंद करू नका आणि हे व्हिडिओ फोनमधून पुसू नका.